विजेचा मीटर पुढे गेला, पाण्याचा का राहिला?

कोल्हापुरात अनेक घरांच्या दारात विजेचा आणि पाण्याचा असे दोन मीटर शेजारी शेजारी दिसतात. वापराची नोंद वेळोवेळी करून ती आपोआप कंपनीला कळवणाऱ्या स्मार्ट मीटरचा वाद मात्र विजेवरूनच पेटला. त्याचे कारण या दोन मीटरांच्या वेगळ्या इतिहासात आहे.

एडिसनच्या कंपनीने 1880 च्या दशकात वापरलेल्या मीटरमध्ये जस्ताच्या पट्ट्या असत. त्या ठराविक मुदतीने काढून तोलल्या जात आणि वजनातील फरकावरून बिल ठरे. ग्राहकाला त्यातले काहीच पडताळता येत नसे. 1889 मध्ये बुडापेस्टचे अभियंते ओटो ब्लाथी यांनी चुंबकीय प्रभावाने चकती फिरवणारा प्रवर्तन (इंडक्शन) मीटर आणला आणि फिरती चकती व आकड्यांची चाके घरोघर पोचली. पुढची शंभर वर्षे ग्राहकाचा विश्वास या दिसणाऱ्या चकतीवर टिकला होता, हे आजच्या तक्रारी ऐकताना ध्यानात ठेवले पाहिजे.

मीटरचे वाचन दुरून करण्याचा पहिला मोठा प्रयोग इटलीत झाला. तेथील एनेल कंपनीने 2001 पासून काही वर्षांतच सुमारे 3 कोटी मीटर बसवले आणि त्यांचे संदेश विजेच्या तारांमधूनच नेले. सर्वांनी मात्र हे निमूटपणे स्वीकारले नाही. घरातील माणसे केव्हा जागी असतात हेही अशा नोंदींवरून कळते, या आक्षेपामुळे नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने 2009 मध्ये अशा मीटरच्या सक्तीला नकार दिला.

भारतात 2003 च्या वीज कायद्याने योग्य मीटरशिवाय वीजपुरवठा करण्यास मनाई केली. जुलै 2021 मध्ये आलेल्या केंद्राच्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेने 25 कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रात त्याला विरोध झाला आणि त्या विरोधाचा एक प्रमुख आवाज यंत्रमागांच्या इचलकरंजीतून, तेथील वीज ग्राहक चळवळीतून उठला. जिथे विजेच्या दरावर धंद्याचे गणित चालते तिथे तो उठणे स्वाभाविकच होते. जून 2024 मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचे सरकारने जाहीर केले. त्यानंतर वापराची वेळ नोंदवणारे, पण बिल महिन्याअखेर देणारे टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर आले. जुलै 2025 पासून घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर सवलत मिळू लागली, आणि ती या मीटरखेरीज मोजताच येत नाही.

पाण्याची गोष्ट निराळी आहे. विजेच्या मीटरला स्वतःपुरती वीज तारेतूनच मिळते. पाण्याच्या मीटरला संदेश पाठवण्यासाठी बॅटरी लागते. त्याहून मोठी अडचण पुरवठ्याची आहे. चावीवाल्याने चावी सोडेपर्यंत नळवाहिनी रिकामी असते. पाणी येताना ते आधी हवा पुढे ढकलते आणि त्या हवेनेही मीटरचा पंखा फिरतो. उलट, छतावरच्या टाकीचा फ्लोट (टाकी भरताच पाणी बंद करणारी तरंगत्या गोळ्याची झडप) जवळजवळ मिटल्यावर चालणारी बारीक धार त्याला फिरवू शकत नाही, म्हणून ती मोजलीच जात नाही. भरीला गाळ येतो तो वेगळाच. ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक मीटरमध्ये फिरणारा भाग नसल्याने झीज टळते, परंतु वाहिनी पाण्याने पूर्ण भरलेली असण्याची अट त्यालाही चुकत नाही. कराडजवळच्या मलकापुरात मीटर आणि 24 तास पाणी जोडीने आले ते यामुळेच. पुरवठा तुटक ठेवून केवळ मीटर स्मार्ट करणे मला तरी उलटा क्रम वाटतो.

कोल्हापुरात या दोन्ही धाग्यांची गाठ उपसा केंद्रांवर पडते. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेकाठची उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि भोवती पाणीच पाणी असताना शहराचे नळ कोरडे पडले. दीर्घ आंदोलनानंतर 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाईपलाईनने शहरात आले, पण तेही पंपांनी उचलूनच. त्यामुळे गळणाऱ्या प्रत्येक लिटरबरोबर विजेचा खर्चही वाया जातो. ही गळती पकडायची तर आधी टाकीतून निघणाऱ्या मुख्य वाहिनीवर मीटर लागतो; तिथला आकडा आणि त्या भागातील घरांच्या वापराची बेरीज यांतील फरकावरूनच कोणत्या भागात किती पाणी मुरते ते कळते.