सणासुदीच्या भेटखरेदीदारांची गटवारी
सणासुदीच्या भेटखरेदीदारांची गटवारी : दिवाळी, भाऊबीज, राखीपौर्णिमा, संक्रांत अशा सणांना दुसऱ्याला देण्यासाठी वस्तू घेणारे ग्राहक ती कोणासाठी, कशाच्या निमित्ताने आणि सणाच्या किती आधी घेतात, यावरून त्यांचे गट पाडणे व प्रत्येक गटाला त्याच्या उपयोगाचाच ई-मेल पाठवणे. बाजारपेठेचे गट पाडण्याची कल्पना वेंडेल स्मिथ या अमेरिकी अभ्यासकाने १९५६ मध्ये एका लेखात मांडली आणि पुढे ती विपणनशास्त्रात रुळली. टपालाने माल विकणाऱ्या कंपन्या ग्राहकांच्या याद्या तीन प्रश्नांवर लावत : शेवटची खरेदी कधीची, किती वेळा आणि किती रुपयांची. ई-मेल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही हीच मापे आयती मिळतात. भेटखरेदीला ती जशीच्या तशी लावता येत नाहीत, कारण इथे पैसे देणारा एक आणि वस्तू वापरणारा दुसरा असतो.

नाशिकच्या व्यापाऱ्यांना हा विषय जवळचा आहे, कारण इथला नावाजलेला माल बहुतेक देण्याघेण्याचाच. तांबट आळीतली तांब्या-पितळेची भांडी, सराफ बाजारातली चांदीची निरांजने आणि ताम्हने, येवल्याची पैठणी, चिवडा, बेदाणे या वस्तू लोक स्वतःसाठी घेतात त्याहून अधिक दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी घेतात. वाइन हीसुद्धा नाशिकची ओळख आहे. पण महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ मद्याच्या जाहिरातीवर बंधने घालतो, म्हणून ती दिवाळीच्या सरसकट मेलमध्ये टाकता येत नाही.

समजा, भांड्यांच्या एखाद्या दुकानाच्या ऑनलाइन नोंदीत अशी एक ओळ आहे : तांब्याचा जग एक, बिलाचा पत्ता नाशिकरोड, पार्सलचा पत्ता कोथरूड, गिफ्ट पॅकिंग ‘हो’, भाऊबीजेच्या आत पोचायला हवे. ही एवढी ओळ वाचली की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. बहीण पुण्यात, भाऊ इथे, आणि भांड्याच्या किमतीपेक्षा तो दिवस न चुकणे त्याला महत्त्वाचे. सॉफ्टवेअर मात्र त्याची गणना ‘तांब्याच्या भांड्यांत रस असलेला ग्राहक’ अशी करते आणि वर्षभर त्याला घागरी नि हंडे दाखवत बसते. दिवाळी पाडव्याला बायकोसाठी पैठणी घेणाऱ्या नवऱ्याचेही तेच होते. चैत्र-वैशाखात साड्यांच्या सेलचे मेल त्याला येत राहतात, तो कंटाळून यादीतून नाव काढतो, आणि पुढच्या पाडव्याला त्याच्यापर्यंत पोचायची वाटच बंद होते. भेटखरेदीदाराची गटवारी वस्तूवरून न करता नात्यावरून आणि सणावरून करावी, हे या पद्धतीचे मूळ सूत्र आहे.

नाते ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. बिलाचा आणि पार्सलचा पत्ता वेगळा असणे, गिफ्ट पॅकिंग मागणे, एकाच वस्तूचे बरेच नग घेणे, आणि खरेदीची तारीख. याहून चांगला मार्ग म्हणजे ऑर्डरच्या वेळीच ‘हे कोणासाठी?’ असे विचारणे आणि उत्तर देणे ऐच्छिक ठेवणे. भेटीसोबतच्या चिठ्ठीतला मजकूर चाळून नाते शोधणे तांत्रिकदृष्ट्या सोपे असले तरी ते करू नये. ती चिठ्ठी दुकानदाराला लिहिलेली नसते.

मराठी घरांतील काही खरेदीदार परदेशी पुस्तकांतल्या नमुन्यांत बसत नाहीत. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाला वाण लुटणारी गृहिणी एकच वस्तू तीस, चाळीस, एक्कावन्न नग अशी घेते. तिची एकूण रक्कम मोठी दिसते म्हणून सॉफ्टवेअर तिला ‘महागडे घेणारा ग्राहक’ ठरवते. प्रत्यक्षात ती एका नगाची किंमत रुपया-रुपयाने तोलत असते आणि मागच्या वर्षीची वस्तू पुन्हा नको हे तिचे पक्के असते. तिला चांदीच्या ताटाचा मेल पाठवणे फुकट जाते. नवे काय आले आणि पन्नास नगांना काय दर पडेल, एवढेच तिला हवे असते.

अधिक महिन्याचे, म्हणजे धोंड्याच्या महिन्याचे, गणित याहून निराळे. जावयाला चांदीच्या किंवा तांब्याच्या भांड्यातून तेहतीस अनारशांचे वाण देण्याची रीत अनेक घरांत आहे, आणि अधिक मास साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो. २०२३ च्या अधिक श्रावणात निरांजन घेतलेले सासू-सासरे पुन्हा दुकानाकडे वळतात ते २०२६ च्या अधिक ज्येष्ठात. ‘दोन वर्षांत खरेदी नाही, नाव काढा’ हा यादी साफ करण्याचा सर्रास वापरला जाणारा नियम नेमक्या या ग्राहकाला हाकलून देतो. दिवाळीचेही थोडे असेच आहे. अकरा महिन्यांपूर्वी घेऊन गेलेला ग्राहक यादीत गार पडलेला दिसतो, पण खरेदीला सर्वांत जवळ तोच आलेला असतो.

सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतील कारखाने हा स्वतंत्र गट आहे. कामगारांच्या दिवाळी भेटीची खरेदी परचेस किंवा एच. आर. विभाग करतो, दर मागवतो, नमुना पाहतो, वरून मंजुरी घेतो. गणपती उठताच मेल गेला तर उपयोग, दसऱ्यानंतर गेला तर बहुधा उशीर झालेला असतो. भेट म्हणून वाटलेल्या मालावरच्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, कंपनीला मिळत नाही, त्यामुळे करासह दर, किमान नग आणि माल पोचवण्याची तारीख या तीन गोष्टी मेलच्या पहिल्या चार ओळींतच असाव्यात. मुले अमेरिकेत किंवा युरोपात असलेल्या घरांनाही फराळाच्या डब्याचा मेल असाच लवकर लागतो.

सण तिथीने येतात, हे सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही. भाऊबीज २०२४ मध्ये ३ नोव्हेंबरला होती, २०२५ मध्ये २३ ऑक्टोबरला. पहिल्या वर्षीच्या तारखेवरून ‘दहा दिवस आधी आठवण’ असा नियम लावून ठेवला असेल, तर दुसऱ्या वर्षी तो मेल २४ ऑक्टोबरला, म्हणजे ओवाळून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गेला. म्हणून दरवर्षी पंचांग उघडून तारखा हाताने भराव्या लागतात. दसरा ते लक्ष्मीपूजन साधारण वीस दिवसांचे अंतर असते आणि बहुतेक गटांचे मेल त्यातच बसवायचे असतात. अखेरच्या दोन दिवसांत कुरिअर पोचणार नाही अशा गावांच्या ग्राहकांना मेल थांबवून, फक्त ४२२ ने सुरू होणाऱ्या, म्हणजे नाशिक परिसरातल्या, पिनकोडच्या ग्राहकांना ‘दुकानातून घेऊन जा’ असे कळवणे शहाणपणाचे.

मेल उघडला की नाही यावर गट पाडणे आता भरवशाचे राहिलेले नाही. ॲपलने सप्टेंबर २०२१ पासून आपल्या मेल ॲपमध्ये ही माहिती झाकण्याची सोय दिली, त्यामुळे न वाचलेले मेलही उघडलेले दिसू शकतात. क्लिक आणि खरेदी यांवरच विसंबावे. जीमेलने २०२४ पासून आपल्या खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय सक्तीची केली आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्यास सांगितले. सरसकट सगळ्यांना मेल टाकून तक्रारी वाढवणाऱ्याची ऑर्डर पक्की झाल्याची पावतीसुद्धा ऐन धनत्रयोदशीला स्पॅममध्ये जाऊन पडू शकते.

भेट ज्याला पोचवायची त्याचा ई-मेल किंवा फोन नंबर दुकानाकडे येतो तो पार्सलपुरता. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ चा गाभाच असा आहे की माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरावी. बहिणीने राखी पाठवताना दिलेला भावाचा पत्ता जाहिरातीच्या यादीत घालणे हा विश्वासघात आहे. मराठी घरात एकच मेल खाते दोघे-तिघे वापरतात, हेही ध्यानात ठेवावे. पैठणीच्या फोटोसह ‘तुमची ऑर्डर निघाली’ असा मेल पाडव्याआधी बायकोनेच उघडला तर भेटीतली मजा गेली. अशा ऑर्डरच्या मेलवर फोटो आणि वस्तूचे नाव नसावे.

सर्वांत काळजीने सांभाळायचा गट मेल न पाठवण्याचा. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला तिथे पहिली दिवाळी साजरी होत नाही, आणि जिचा भाऊ गेला तिला ‘भाऊराया वाट पाहतोय’ असा मेल जाणे क्रूर आहे. ब्लूम अँड वाइल्ड या ब्रिटिश फूलविक्रेत्या कंपनीने २०१९ मध्ये ग्राहकांना मातृदिनाचे मेल नाकारण्याची सोय दिली, आणि नंतर इतर अनेकांनी ती उचलली. आपल्याकडे नवरात्र संपता संपता एक साधा मेल पाठवून, त्यात ‘यंदा भाऊबीजेचे मेल नकोत’ एवढे एकच बटण ठेवता येते. कारण विचारायचे नाही, पुढच्या वर्षी पुन्हा तसेच विचारायचे, आणि बटण दाबणाऱ्याचे बाकीचे मेल तसेच चालू ठेवायचे.