कार्ड कॉम्प्युटरला लावण्याआधी एवढं वाचा
(जुन्या गेमची मशीन नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला. "गेम कितला शेतस?" गिऱ्हाईक धुळ्याचं असो, चोपड्याचं असो की भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधलं, प्रश्न तोच. आमचं उत्तर ऐकून चेहरा पडतो, कारण तेवढ्याच किमतीच्या मशीनवर ऑनलाइन 'दहा हजार गेम' लिहिलेलं त्याने पाहिलेलं असतं.

त्या दहा हजारांत काय असतं, ते एकदा नीट बघा. एकच गेम अमेरिकेचा, युरोपचा, जपानचा असा तीन-तीनदा. शंभरेक गेम निव्वळ जपानीत, ज्यांचा मेनूसुद्धा कळत नाही. बाकी कुणीतरी रंग बदलून केलेले मारिओ. पोरगं अर्धा तास यादी खालीवर सरकवतं, प्रत्येक गेम दोन मिनिटं खेळतं आणि आठवड्याने मशीन कपाटात जातं. भरताला वांगी पोतंभर लागत नाहीत, पण बामणोदची लागतात. म्हणून आम्ही मशीनमध्ये मोजके, मोफत आणि रीतसर मिळणारे गेम टाकून देतो. बाकीचे तुमच्याकडच्या डिस्कवरून किंवा कॅसेटवरून काढून देतो. स्वतःकडच्या सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत ठेवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वाव आहे. दुसऱ्याचे दहा हजार गेम विकायला नाही. समोरचा देतो, तुम्ही का नाही, असं विचारणाऱ्यांना आमचं एवढंच उत्तर.

आता मूळ मुद्दा. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनपैकी बहुतेकांत मशीन ठणठणीत असतं, कार्ड फॉरमॅट झालेलं असतं. आणि ते तुमच्याच हाताने झालेलं असतं.

घडतं असं. मामाच्या मुलाने पेन ड्राइव्हमध्ये गेम दिलेले असतात. ते टाकायला तुम्ही मशीनमधलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावता. मशीन आतून लिनक्सवर चालतं, त्यामुळे त्या एका कार्डाचे आत तीन-चार भाग केलेले असतात. त्यातला एखादा भाग विंडोजला वाचता येतो, बाकीचे येत नाहीत. जो भाग वाचता येत नाही तो विंडोजला कोरा किंवा बिघडलेला वाटतो आणि स्क्रीनवर चौकट येते: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? खाली दोन बटणं, 'फॉरमॅट डिस्क' आणि 'कॅन्सल'. एक चौकट बंद केली की दुसरी येते, कारण भाग अनेक आहेत. माणूस वैतागतो, कॉम्प्युटर सांगतोय तर खरंच असेल म्हणतो, आणि दाबतो. तिथे मशीनची सिस्टिम संपली. कार्ड परत लावलं की काळी स्क्रीन.

ती चौकट आली की 'कॅन्सल'. पुन्हा आली, पुन्हा 'कॅन्सल'. कार्ड खराब नाही, विंडोजला ती भाषा येत नाही एवढंच.

हा त्रास टळावा म्हणून दोन खाचांच्या मशीनमध्ये आम्ही दोन कार्डं घालून देतो. ज्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे ते सिस्टिमचं. ते बाहेर काढायचंच नाही, कुणी कितीही हुशार पाहुणा आला तरी. बिनठिपक्याचं कार्ड गेमचं. ते विंडोजमध्ये साध्या पेन ड्राइव्हसारखं उघडतं, चौकट येत नाही. ज्या कन्सोलचा गेम त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका. कार्ड काढण्याआधी मशीन मेनूतून 'शट डाऊन' करा. बटण दाबून स्क्रीन विझवली म्हणजे मशीन बंद झालं असं नाही, ते झोपलेलं असतं आणि कार्डावर त्याचं लिहिणं चालू असू शकतं.

एकाच खाचेचं मशीन असेल तर गेम वायफायने टाका. ते येत नसेल तर दुकानात आणा, तुमच्याच गेमचं भरून देण्याचे पैसे घेत नाही.

आणि दाबलंच गेलं असेल तर? त्या कार्डावर पुढे काहीही कॉपी करू नका. गेमचं कार्ड असेल आणि वर नवीन काही लिहिलेलं नसेल, तर बरंच परत मिळू शकतं. सिस्टिमचं असेल तर विकताना घेतलेली त्याची प्रत आमच्याकडे असते, ती पुन्हा चढवतो. त्याचे २५० रुपये होतात. "एका क्लिकचं काम, अडीचशे कसले?" असं ऐकू येतं. क्लिक एक असेल, पण चढवून झाल्यावर प्रत्येक कन्सोलचा एकेक गेम चालवून, बटणं आणि आवाज तपासूनच आम्ही मशीन हातात देतो. कार्डसुद्धा आम्ही आधी पूर्ण भरून, पूर्ण वाचून बघतो, तेव्हाच विकतो. बाजारात ५१२ जीबी छापलेलं कार्ड आत ३२ चं निघतं. अशी कार्डं सुरुवातीला गोड चालतात आणि भरत आली की आधीचं खाऊ लागतात. मशीनसोबत डब्यात येणारं कार्ड आम्ही याच कारणाने बदलून देतो.

सेव्हबद्दल थोडक्यात. 'सेव्ह स्टेट' म्हणजे चालू क्षण गोठवून ठेवणं. सोयीचं आहे, पण इम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करून गेम चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट झाला की जुनं स्टेट उघडेलच याची खात्री नसते. गेमच्या आतला सेव्ह जास्त टिकतो. दोन्ही करा. पीएस-१ चं (सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनचं) अख्खं मेमरी कार्ड म्हणजे १२८ केबीची एक छोटी फाइल असते. महिन्यातून एकदा सेव्हचं फोल्डर मोबाइलमध्ये कॉपी करून ठेवलं तर दुकानात येऊन हळहळायची वेळ येणार नाही.

आता खेळायचं काय? मारिओ, कॉन्ट्रा, टेकन तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही. खाली आहेत ते चांगले असूनही मागे पडलेले. दुकानात कुणी "काहीतरी वेगळं दाखवा" म्हटलं की आम्ही हेच लावून देतो.

पहिला 'व्हिब-रिबन', पीएस-१ चा. १९९९ मध्ये जपानात आणि पुढच्या वर्षी युरोपात आला, अमेरिकेत तेव्हा आलाच नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा, त्या रेघेवरून चालणारी व्हिब्री नावाची सशीण, बस्स. अडथळे चार प्रकारचे, बटणं चार, आणि दोन अडथळे एकत्र आले की दोन बटणं एकदम. चुकत गेलात तर सशिणीची बेडकी होते, मग अळी. पण खरी गंमत पुढे आहे. हा गेम एवढा छोटा की सगळाच्या सगळा पीएस-१ च्या २ एमबी मेमरीत बसतो. मग डिस्क काढून तुमची कोणतीही गाण्याची ऑडिओ सीडी लावायची, आणि तिच्या तालावर गेम स्वतः रस्ता तयार करतो. आम्ही कॉम्प्युटरवर अहिराणी गाण्यांची सीडी लावून पाहिली. लग्नातल्या नाचाच्या गाण्यावर ती सशीण अशी काही धडपडते की दुकानातले सगळे काम सोडून बघत उभे राहिले. घरात जुन्या सीडी पडल्या असतील तर फेकू नका, गेमसोबत घेऊन या, डिस्क बदलायची कशी ते दाखवतो. एमपीथ्री भरलेली सीडी चालत नाही, साधी ऑडिओ सीडी हवी.

याच जातीचा पीएसपीचा (सोनीच्या हातातल्या कन्सोलचा) 'पॅटापॉन'. फौजेला हुकूम ढोलाने द्यायचा. 'पाटा-पाटा-पाटा-पॉन' वाजवलं की फौज पुढे चालते, 'पॉन-पॉन-पाटा-पॉन' वाजवलं की हल्ला. ताल चुकला की सगळे जागच्या जागी गोंधळतात. ज्याचा हात ढोलावर बसलेला आहे त्याला हा गेम लगेच जमतो, असं आमचं निरीक्षण. पीपीएसएसपीपी या पीएसपीच्या इम्युलेटरवर चालतो, म्हणजे बऱ्यापैकी अँड्रॉइड फोनवरही. त्याला वेगळं बायोस (कन्सोलच्या आतलं, तो सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) लागत नाही.

या दोन्ही गेमला ब्लूटूथ हेडफोन लावू नका. आवाज किंचित उशिरा पोचतो, हात बरोबर असूनही गेम चूक दाखवतो आणि मग "तुमचं मशीन स्लो आहे" म्हणून फोन येतो. वायरचा हेडफोन लावा, तक्रार मिटते.

लहान मुलांसाठी 'क्लोनोआ: डोअर टू फँटोमाइल', पीएस-१, १९९७. दिसायला लांब कानांचा बाहुला आणि सोपं काम: शत्रूला पकडून फुगवायचं, आणि त्यालाच खाली फेकून हवेत दुसरी उडी घ्यायची. त्या एका युक्तीवर अख्खा गेम उभा केलाय. फार मोठा नाही, सुट्टीत पुरा होतो. शेवट मात्र लहान मुलांच्या गेमला शोभेल असा गोड नाही, मूल हळवं असेल तर शेजारी बसा.

डोकं लावायचं असेल तर गेम बॉयचा 'मोल मेनिया', १९९६. निर्माता मारिओवाले शिगेरु मियामोतो, तरी नाव कुणाला माहीत नाही. पोकेमॉन त्याच वर्षी त्याच मशीनवर आला, बाकी सगळं झाकोळून गेलं. तुम्ही एक चिचुंद्रीसारखा जमीन पोखरणारा प्राणी. बायको-पोरं पळवून नेलीत एका शेतकऱ्याने (खान्देशात हे पचायला जड जातं, पण असो). वर लोखंडी गोळा ढकलायचा, खाली बोगदा खणायचा, आणि वर-खालीचा मेळ घालून फाटक फोडायचं. भोक एक जरी चुकीच्या जागी पाडलं की पुढचं गणित फसतं. मोठ्यांनाही अर्धा-अर्धा तास अडकवतो.

कॅसेटच्या जमान्यातल्यांसाठी सनसॉफ्टचा 'गिमिक!'. हा निन्टेन्डोच्या फॅमिकॉम मशीनचा गेम; १९९२ साली जपानात आला तेव्हा त्या मशीनहून भारी सुपर फॅमिकॉम बाजारात येऊन वर्ष उलटलं होतं, म्हणून जुन्या मशीनच्या या गेमकडे फार कुणी पाहिलं नाही. डोक्यावर तारा तयार करून फेकायचा, आणि जमलं तर त्याच ताऱ्यावर चढून पलीकडे जायचं. रंगीत आणि गोंडस दिसतो, आहे भलताच अवघड. जपानी कॅसेटमध्ये आवाजासाठी जास्तीची चिप होती, युरोपातल्या प्रतीत तो आवाज नाही, म्हणून ऐकायचा तर जपानीच. मूळ कॅसेट शोधत बसू नका, २०२३ मध्ये कॉम्प्युटरसाठी रीतसर निघालाय, तो घ्या.

आपल्याकडचे म्हणाल तर पीएस-२ वर 'देसी अड्डा' आणि 'हनुमान: बॉय वॉरियर' दोन्ही २००९ ला आले. हनुमान हैदराबादेत तयार झाला. खरं सांगतो, तो खेळायला अडखळतो, कौतुकापोटी एकदा बघा. 'देसी अड्डा'त विटीदांडू, कबड्डी, पतंग आहे. चार भावंडं जमली की संक्रांतीला बरा रंगतो. फक्त हे पाच-सात हजारांच्या हातातल्या मशीनवर चालणार नाहीत, पीएस-२ ला कॉम्प्युटरच हवा. ऑफिसातून निघालेले वापरलेले आय-फाइव्ह डेस्कटॉप आमच्याकडे असतात, हलक्या गेमना ते पुरतात. पीएस-२ चं बायोस तुमच्याच कन्सोलमधून काढावं लागतं, म्हणून लेन्स गेलेलं पीएस-२ भंगारात देऊ नका. दिवा लागत असेल तर मेमरी कार्डावरून सुरू करून बायोस काढता येतं.

प्रत्येक मशीनमध्ये आम्ही 'टोबू टोबू गर्ल' टाकून देतो. २०१७ साली गेम बॉयसाठी नव्याने लिहिलेला, मोफत. मशीन घरी नेलं की पहिला तोच लावा, बटणांचा हात बसतो. चार जण एकदम खेळायचे असतील तर २०१९ चा 'मायक्रो मेजेस' विकत घ्या. तो पहिल्या मारिओइतक्याच म्हणजे ४० केबीत बसवलाय आणि चार कंट्रोलर लावून घरात आरडाओरड होते. यूएसबी कंट्रोलर आमच्याकडे जोडीने घेतले तर थोडे कमी लावतो.

डिस्क आणताना: पीएस-१ ची डिस्क खालून काळी असते, पीएस-२ ची चंदेरी, काही निळसर. ओरखडे असले तरी आणा, वेळ लागतो पण बऱ्याच वाचल्या जातात. कोलगेट लावून घासू नका. तुम्ही स्वतः घरी कॉपी केली असेल तर 'बिन' (डिस्कचा सगळा माल) आणि 'क्यू' (त्यात काय कुठे आहे त्याची यादी) दोन्ही फाइली लागतात. 'क्यू' छोटी दिसते म्हणून लोक ती सोडून येतात आणि गेम सुरू होत नाही किंवा गाणी वाजत नाहीत. '९९९ इन वन' लिहिलेल्या कॅसेट आणू नका, त्या आम्ही घेत नाही.

उन्हाळ्यात मशीन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. जळगावच्या मे महिन्यात बॅटरी फुगते, आणि फुगलेल्या बॅटरीवर वॉरंटी नाही. फुगलेली दिसली तर चार्जिंगला न लावता आणा. डिस्क सकाळी दिली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळते. अक्षय्य तृतीयेला आणि पोळ्याला दुकान बंद असतं.