डोळ्याच्या बदल्यात डोळा म्हणजे सूड घ्याच, असं खरंच लिहिलंय का?

"डोळ्याच्या बदल्यात डोळा" ही इंग्रजीतून आलेली म्हण, आणि तिच्यासोबत फॉरवर्ड फिरतो तो असा की ही बायबलची आज्ञा आहे, कोणी मारलं की तुम्ही पण मारायचंच. वाचून तसं वाटणं साहजिक आहे, वाक्य एकटं घेतलं तर अर्थ तोच लागतो.

पण मराठी बायबलमधलं निर्गम हे पुस्तक काढा, अध्याय 21, ओवी 24. ते वाक्य तिथे आहे, पण तिथेच न थांबता दोन ओव्या पुढे जा. मालकाने दासाचा डोळा फोडला तर काय? मालकाचा डोळा फोडा असं नाही, डोळ्याबद्दल त्या दासाला मोकळं सोडा, दात पाडला तरी तेच. म्हणजे त्याच पानावर भरपाई आहे! बरेच अभ्यासक 24व्या ओवीकडेही मर्यादा म्हणून बघतात, की एका डोळ्यासाठी अख्खं घर संपवू नका, बदला तेवढ्यावरच थांबवा.

आणि सुरुवातही बायबलपासून नाही. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याचे कायदे इ.स.पू. 1750च्या आसपासचे, ते कोरलेला काळा दगड पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे, भाषांतर नेटवर सहज मिळतं, कलम 196 बघा, तिथे वरच्या वर्गातल्या माणसाच्या डोळ्याला डोळाच आहे, पण 198 मध्ये सामान्य माणसाचा डोळा गेला तर फक्त चांदीचा दंड (हा भेदभाव मात्र वाचताना खटकतोच). त्याच्याही आधीच्या, सुमेरमधल्या उर शहराचा राजा उर-नम्मू याच्या कायद्यात तर डोळ्यासाठी थेट अर्धा मिना (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी, म्हणजे दंडाची पद्धत आपल्या हाती असलेल्या नोंदींत या म्हणीपेक्षाही जुनी निघते.