ईमेलने पाठवलेली कागदपत्रे अडली तर अर्ज मुदतीत कसा पोचवावा

मुदतीचा शेवटचा दिवस, दुपारचे साडेतीन. माझ्या पुतणीने शिष्यवृत्तीच्या अर्जाची अकरा कागदपत्रे पासवर्ड घातलेल्या एका झिप फाईलमध्ये भरून ईमेल केली आणि दोन मिनिटांत तो मेल परत आला. समोरच्या सर्व्हरने फाईल नाकारली होती. कोणत्या फाईल चालत नाहीत हे जाहिरातीत कुठेच लिहिलेले नव्हते. अशी वेळ इतर कोणावर येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ईमेलने अर्ज कधी करता येतो?

कार्यालयाने स्वतः ईमेल पत्ता देऊन त्यावर अर्ज मागवले असतील, तरच. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद लेखी कागदाच्या जागी चालते. पण सरकारी कार्यालयाने ती तशीच स्वीकारावी असा आग्रह धरण्याचा हक्क मिळत नाही, हे कलम ९ मध्ये स्पष्ट आहे. त्याहून महत्त्वाचे कलम १३. पत्ता नेमून दिलेला असेल तर त्या यंत्रणेत नोंद शिरते तेव्हाच ती ‘मिळाली’ असे धरले जाते. म्हणजे परत आलेला मेल आपल्या ‘सेंट’मध्ये दिसत असला, तरी अर्ज पोचलेला नसतो.

फाईल का अडते?

४ मे २००० रोजी प्रेमपत्राच्या नावाने एक व्हायरस-फाईल जगभर पसरली. नावाच्या शेवटी आधी ‘टीएक्सटी’ (साधा मजकूर) आणि मग ‘व्हीबीएस’ (उघडताच चालणारा प्रोग्राम) होते. विंडोज शेवटचे अक्षरगट लपवत असल्याने लोकांना तो साधा मजकूर वाटला आणि त्यांनी ती उघडली. तेव्हापासून चालवता येणाऱ्या फाईलींवर मेलसेवांची करडी नजर आहे. जीमेल ईएक्सई, बॅट, जार, एपीके, आयएसओ असे प्रकार घेत नाही. फेब्रुवारी २०१७ पासून जेएससुद्धा नाही. झिपमध्ये घातल्या तरी आत डोकावून तपासले जाते. पासवर्ड असेल तर आत पाहता येत नाही, म्हणून अनेक कार्यालयांचे सर्व्हर अशी झिप सरळ परत पाठवतात.

काही जण फाईलचे शेवटचे अक्षरगट बदलून पाठवायला सांगतात. कृपया तसे करू नका. तपासणी नावापुरती नसते, आणि फाईल चुकून पोचलीच तर लिपिकाला ती उघडत नाही. शिवाय फसवी फाईल पाठवल्याचा संशय अर्जदारावर येतो.

कागदपत्रे कोणत्या रूपात द्यावीत

जवळजवळ सगळीकडे पीडीएफ चालते. आयफोनवर काढलेले फोटो बहुधा हेइक (HEIC) प्रकारात साठतात आणि कार्यालयातल्या जुन्या संगणकावर ते उघडत नाहीत. ते जेपीजी किंवा पीडीएफ करून घ्या. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेली एक्सेल फाईल साध्या एक्सेलमध्ये साठवा. फाईलींना अर्ज, गुणपत्रिका, उत्पन्न दाखला अशी सरळ नावे द्या.

एक गोष्ट मात्र जपा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा किंवा ई-आधार असेल तर ती मूळ फाईल जशीच्या तशी जोडा. आकार कमी करायला ती एखाद्या संकेतस्थळावर दाबून घेतली किंवा छापून पुन्हा स्कॅन केली, तर स्वाक्षरी पडताळता येत नाही आणि उरतो फक्त चित्रासारखा कागद. पंधरा रुपये भरून घेतलेल्या सातबाऱ्याची किंमत त्या स्वाक्षरीतच आहे. ई-आधारला पासवर्ड असतो (नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष). तो वेगळ्या मेलने कळवा. जाहिरातीत मनाई नसेल तर पहिले आठ अंक झाकलेले आधारच द्या.

आकाराचा हिशेब फसवा असतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण प्रवासात जोडपत्र साधारण एक तृतीयांशाने फुगते, आणि समोरच्या कार्यालयाची मर्यादा याहून कमी असू शकते. जड अर्ज दोन-तीन मेलमध्ये विभागा आणि विषयात ‘भाग १/३’ असे लिहा. गुगल ड्राइव्हची लिंक हा शेवटचा पर्याय. मुदतीनंतरही त्यातली फाईल बदलता येते म्हणून काही ठिकाणी लिंक ग्राह्य धरत नाहीत. आधी फोन करून विचारा. परवानगी ‘लिंक असलेले कोणीही, फक्त पाहू शकतात’ अशी ठेवा आणि अर्जाचा निकाल लागल्यावर ती बंद करा.

मेल परत आला तर

परत आलेला संदेश पुसू नका. त्यातला ५.७ ने सुरू होणारा आकडा म्हणजे सुरक्षेच्या कारणाने नकार, ५.३.४ किंवा ५.२.३ म्हणजे आकार जास्त. त्याप्रमाणे दुरुस्ती करून लगेच पुन्हा पाठवा आणि मेलमध्ये आधीच्या प्रयत्नाची वेळ नोंदवा. कधी मेल पोचतो, पण सर्व्हर जोडपत्र गुपचूप काढून टाकतो. म्हणून मेलच्या शेवटी लिहा: “एकूण अकरा जोडपत्रे आहेत, मिळाल्याची पोच व आवक क्रमांक कळवावा.” पोचेची ठरावीक पद्धत नसेल तर कलम १२ नुसार साधे उत्तरही पोच म्हणून चालते. उत्तर आले नाही तर आवक-जावक विभागात फोन करा. तेही जमले नाही तर छापील संच घेऊन कार्यालय बंद व्हायच्या आत जा आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. मुदत चार-पाच दिवसांवर असेल तर स्पीड पोस्टनेही एक संच पाठवून ठेवा.

पुतणीने झिप मोडली, तीन पीडीएफ केल्या आणि चार वाजून दहा मिनिटांनी पुन्हा मेल केला. पावणेपाचला आवक क्रमांक आला.