नमुन्याविना स्वेटर-विणकाम

छापील, ओळवार सूचना समोर न ठेवता, अंगाचे माप आणि विणीतील टाक्यांचे प्रमाण एवढ्यावरून हिशेब मांडून स्वेटर विणण्याची पद्धत. नक्षी तिच्यात वर्ज्य नाही. किती टाके घालायचे, कुठे वाढवायचे, कुठे घटवायचे हे मात्र विणणाराच ठरवतो. लेखी नमुन्यांपेक्षा ही पद्धत जुनी आहे. ब्रिटनमध्ये विणकामाच्या पुस्तिका मोठ्या प्रमाणावर निघू लागल्या त्या १८३०–४० च्या सुमारास. तोवर काम तोंडी परंपरेवर, हाताच्या सवयीवर आणि जुन्या कपड्याच्या मापावर चाले.

उगम : सुयांवरील विणकामाचे सर्वांत जुने उपलब्ध अवशेष म्हणजे ईजिप्तमधील सुती मोजे. त्यांचा काळ साधारणतः अकरावे ते चौदावे शतक असा धरतात. सिरियातील ड्यूरा-यूरोपस येथील तिसऱ्या शतकातील तुकडे पूर्वी याच वर्गात घालत. ते नेढ्याच्या एकाच सुईने केलेल्या नालबिंडिंग या वेगळ्या तंत्राचे आहेत, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात.

बिनशिवणीचा अखंड अंगरखा केव्हापासून विणत, याबाबत मतभेद आहेत. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून इटलीत विणकाम करणाऱ्या मेरीची (येशूच्या आईची) चित्रे आढळतात. उत्तर जर्मनीतील बुक्स्टेहूड वेदीचित्रात (सु. १४००, मास्टर बर्ट्राम किंवा त्याची चित्रशाळा, सध्या हॅम्बुर्ग येथे) ती बाळाचा सदरा गोलाकार विणताना दिसते. सुया गळ्याशी पोचल्या आहेत, म्हणजे काम संपत आले आहे. काहींना हा तत्कालीन रीतीचा थेट पुरावा वाटतो. इतर अभ्यासक योहानच्या शुभवर्तमानातील (१९:२३) येशूच्या बिनशिवणीच्या अंगरख्याकडे बोट दाखवून चित्र प्रतीकात्मक ठरवतात. पण प्रतीक मानले तरी सुयांची इतकी नेमकी मांडणी चित्रकाराने कुठेतरी पाहिली असावी, हेच अधिक संभवनीय दिसते.

ब्रिटनच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांचे ‘गॅन्सी’ स्वेटर हे या पद्धतीचे पुष्कळ अभ्यासले गेलेले उदाहरण. घट्ट पिळाची पाचपदरी लोकर, बारीक सुया, खालून वर गोल विणलेले अंग, काखेत कळी आणि खांद्याकडून मनगटाकडे उतरत विणलेली बाही ही त्याची लक्षणे. मनगट लवकर झिजते. बाही उतरती असली की तेवढाच भाग उसवून पुन्हा विणता येतो. बुडालेल्या माणसाचे गाव स्वेटरच्या नक्षीवरून ओळखत, ही समजूत फार पसरलेली असली तरी तिला आधार तोकडा आहे. आयरिश नाटककार जे. एम. सिंग यांच्या १९०४ मधील नाटकात बुडालेल्याची ओळख पटते ती मोज्याच्या टाक्यांवरून. या समजुतीचा प्रसार तिथूनच झाला असावा असे म्हणतात. आयर्लंडच्या अ‍ॅरन बेटांवरील स्वेटरला दिलेली प्राचीनताही रिचर्ड रट यांच्यासारख्या इतिहासकारांनी नाकारली असून तो प्रकार विसाव्या शतकाच्या आरंभीचा मानणे सयुक्तिक ठरते.

हिशेब : या पद्धतीला सूत्रबद्ध रूप दिले ते इंग्लंडमध्ये जन्मलेल्या व पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे राहिलेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०–९९) यांनी. छातीच्या घेराचे टाके म्हणजे १००, आणि बाकी सगळे त्याच्या टक्केवारीत. आधी एक चौकोनी तुकडा विणून टाके मोजतात. १० सेंमी.त २० टाके बसत असतील आणि स्वेटरचा घेर १०० सेंमी. हवा असेल, तर अंगासाठी २०० टाके लागतात. मनगटाला २० टक्के म्हणजे ४०, दंडाशी सुमारे ३५ टक्के म्हणजे ७०, गळ्याला ४० टक्के म्हणजे ८०. काखेत अंगाच्या दोन्ही बाजूंचे आणि दोन्ही बाह्यांचे प्रत्येकी ८ टक्के, म्हणजे १६ टाके वेगळ्या दोऱ्यावर काढून ठेवतात. उरलेले सगळे एका गोल सुईवर घेतले की २०० + १४० – ६४ = २७६ टाके होतात. पुढे गळ्यापर्यंतच्या पट्ट्याची उंची सुमारे २५ सेंमी. ती निम्मी झाली की एका फेरीत दर चार टाक्यांचे तीन करतात (२०७), पाऊण झाली की दर तिनांचे दोन (१३८), आणि शेवटी दर पाचांचे तीन (सुमारे ८३). गळ्याचा अंदाज ८० होता. दोन-तीन टाक्यांचा फरक किनारीत सहज जिरतो. मानेमागे काही अपुऱ्या (पूर्ण न करता मधूनच परत फिरवलेल्या) फेऱ्या घालून पाठ थोडी उंच करतात, नाहीतर स्वेटरचा गळा पुढून मानेला काचतो.

सगळी भिस्त त्या पहिल्या तुकड्यावर असते. १० सेंमी.त २० ऐवजी १९ टाके पडले, तर त्याच २०० टाक्यांचा घेर १०५ सेंमी. भरतो. शिवाय सपाट विणताना उलट टाक्यांची सुई अनेकांच्या हातून सैल पडते. म्हणून गोल विणायच्या स्वेटरसाठी तुकडाही गोलच विणावा. बार्बरा वॉकर यांनी १९७२ मध्ये मांडलेली गळ्याकडून खाली विणण्याची रीत या बाबतीत सोयीची आहे, कारण अंगाला लावून बघत लांबी ठरवता येते. लोकर कमी पडण्याची शक्यता असेल तर तीच बरी.

भारतात हे विणकाम प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळा व ब्रिटिश कुटुंबांच्या द्वारे रुजले असे मानतात. सुयांचे जुने ब्रिटिश क्रमांक इथे अजून प्रचारात आहेत; क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होत जाते (८ नंबर ४ मिमी., १० नंबर ३.२५ मिमी.). महाराष्ट्रात थंडी बेताची, त्यामुळे घरगुती काम मुख्यतः लहान मुलांचे स्वेटर, टोपडी व मोजे यांपुरते राहिले. पाठ, पुढा आणि बाह्या वेगळ्या विणून शिवतात. माप वितीने किंवा अंगावरच्या जुन्या स्वेटरवरून घेतात.