ऑफिस हलतं करण्याआधी हवा कोरडी करा

रत्नागिरीत किंवा कुडाळात एखादा मोठा गाळा घेऊन तिथे हवं तसं बदलता येणारं ऑफिस थाटायचं ठरलं, की बोलणं चाकांच्या टेबलांपासून आणि सरकत्या पार्टिशनपासून सुरू होतं. सकाळी वीस जणांची बैठक, दुपारी तिथेच प्रशिक्षण वर्ग, संध्याकाळी दोन मीटिंग रूम. कागदावर हे अर्ध्या तासात जमतं. पण कॅटलॉगमधून जसंच्या तसं उचललेलं सामान किनाऱ्यावर पहिल्याच पावसाळ्यात अडतं. पार्टिशन जमिनीला घासतं, टेबलाच्या कडा फुगतात, चाकं फिरेनाशी होतात. दोष सुतारावर जातो, पण मूळ बहुतेक वेळा हवेत असतं.

जुलैतली बाहेरची हवा 28 अंश सेल्सिअस आणि 85 टक्के आर्द्रतेची धरू. तिचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास येतो, म्हणजे 25 अंशांहून थंड कशालाही ती लागली की तिथे पाणी सुटतं. एसीतून येणारी हवा 12 ते 14 अंशांची असते. दार वारंवार उघडत असेल तर एसीच्या जाळीवर थेंब धरतात आणि खाली टेबलावर पडतात. मग मेकॅनिक येऊन ड्रेन पाइप साफ करून जातो. पाइप बिचारा बऱ्याचदा निर्दोष असतो.

आता हिशोब. गाळा 12 बाय 8 मीटर, म्हणजे 96 चौरस मीटर, आणि आत 20 माणसं. ऑफिससाठी वापरला जाणारा ॲश्रेचा (वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेचा) निकष माणशी सेकंदाला 2.5 लिटर आणि दर चौरस मीटरला 0.3 लिटर ताजी हवा मागतो. एकूण भरते तासाला सुमारे 284 घनमीटर. ही हवा 24 अंश आणि 55 टक्के आर्द्रतेवर आणायची तर तिच्यातून तासाला सव्वातीन लिटर पाणी काढावं लागतं, नऊ तासांच्या दिवसात जवळजवळ 29 लिटर. माणसांच्या श्वासाघामाचं पाणी यात धरलेलंच नाही.

नेहमीचा एसी इथेच कमी पडतो. पावसाळ्यात कोकणात उष्णता बेताची आणि ओल अफाट. खोली 24 अंशांवर आली की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर थांबवतो, पंखा मात्र चालू राहतो आणि कॉइलवर साचलेलं पाणी पुन्हा खोलीत सोडतो. गरजेपेक्षा मोठा एसी तर आणखी लवकर थांबतो. म्हणून एका मोठ्या एसीऐवजी दोन-तीन लहान घ्यावेत आणि जोडीला स्वतंत्र डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, बसवावा. त्याचं पाणी टाकीत साठवू नये, थेट नळीने मोरीत सोडावं. टाकी भरली की यंत्र आपोआप बंद पडतं, आणि हे हटकून शनिवारी रात्री घडतं. सुट्टीच्या दिवशी एसी बंद असला तरी डीह्युमिडिफायर 60 टक्क्यांवर लावून ठेवला, तर सोमवारी कुबट वास येत नाही. आर्द्रता सतत 75-80 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला दुसरं काही लागत नाही.

लवचिकतेचा खरा आराखडा फर्निचरच्या आधी छतावर काढावा. आपल्या 12 मीटर लांब गाळ्याचे 3 मीटर रुंदीचे चार पट्टे पाडा. प्रत्येक पट्ट्याला स्वतःचे दिवे, स्वतःचा स्विच, थंड हवा येण्याची आणि परत जाण्याची जागा, धूरसूचक आणि प्लग मिळाले पाहिजेत. पार्टिशन फक्त पट्ट्यांच्या रेषांवर उभं राहील, मधे कुठेही नाही. हा नियम मोडला की एका खोलीत दोन एसी आणि शेजारच्या खोलीत एकही नाही, अशी गत होते. थंडीने कुडकुडणारी माणसं एसी बंद करतात आणि पलीकडचे दार उघडतात.

समुद्राकडून येणाऱ्या मिठाचा विचार वेगळा करायला हवा. शुद्ध मीठ सुमारे 75 टक्के आर्द्रतेवर हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. पण समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते सुमारे 33 टक्क्यांवरच ओलं होतं. धातूवर खारा थर बसला की चांगल्या एसीच्या खोलीतही तो दमटच राहतो आणि गंज चालू राहतो. किनाऱ्यालगत 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवर चहाच्या डागांसारखे तांबूस डाग पडतात. 316 ग्रेडमध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते जास्त टिकतं. सगळीकडे 316 वापरायची गरज नाही. चाकांचे आस, बिजागऱ्या, पार्टिशनच्या रुळाचे स्क्रू इथे वापरावं. ॲल्युमिनियमच्या रुळात साधे लोखंडी स्क्रू घातले तर रूळ आणि स्क्रू दोन्ही खराब होतात. मधे नायलॉनचा वॉशर घालावा. दर महिन्याला रूळ गोड्या पाण्याने पुसून कोरडा करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणाराही.

टेबलटॉपला साधा पार्टिकल बोर्ड नको. पाणी वरच्या लॅमिनेटमधून शिरत नाही, कडेतून शिरतं. आयएस 303 या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) प्लाय पुरेसा आहे. जमिनीलगतच्या भागांना आयएस 710 चा मरीन प्लाय. तोही थोडा फुगतो, फक्त त्याचे थर सुटत नाहीत. 2 मिमी एजबँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी, चारही कडांना हवा. खालची, न दिसणारी कड आणि वायरीसाठी पाडलेलं भोक सुतार हमखास उघडं सोडतात, आणि फुगायला तिथूनच सुरुवात होते. नैर्ऋत्येकडच्या चिऱ्याच्या भिंतीवर पावसाची झड बसते, म्हणून तिच्यापासून कपाटं किमान 50 मिमी लांब ठेवावीत.

कार्पेट टाइल घालायचा मोह झाला, तर आधी दीड फूट चौरस प्लास्टिक जमिनीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवून 16 तास ठेवा. खाली थेंब दिसले किंवा जमीन काळवंडली, तर कार्पेट विसरा. चाचणी पावसाळ्यात करावी. एप्रिलमध्ये कोरडी लागलेली जमीन जुलैत काहीही सांगू शकते.

आवाजाचं गणित फार निर्दयी आहे. 4 मीटर लांब, 3 मीटर उंच सरकती भिंत 45 डेसिबल अडवते म्हणून विकली जाते. तिच्याखाली सलग 10 मिमी फट राहिली, तर ती फट भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त 0.33 टक्के असते, पण एकूण अडवणूक 25 डेसिबलच्या आसपास उतरते. एवढ्याच अडवणुकीत पलीकडचं बोलणं शब्दन्‌शब्द कळतं. जुन्या शहाबादी फरशीत उंचसखलपणा असतोच. पार्टिशनची ऑर्डर देण्याआधी लेझरने पातळी मोजा, आणि खालून दाबून बसणारा सील असलेलंच घ्या. फॉल्स सीलिंगच्या वर स्लॅबपर्यंत त्याच रेषेवर बोर्डचा पडदा नसेल, तर आवाज वरून उडी मारून येतो.

घुमण्याचं दुखणं निराळं. 3 मीटर उंचीच्या या रिकाम्या गाळ्यात, सगळं टणक असताना, आवाज विरायला साडेतीन सेकंदांहून जास्त लागतात. छताला 0.7 शोषणांकाच्या, म्हणजे पडलेल्या आवाजाचा 70 टक्के भाग शोषणाऱ्या, मिनरल फायबर टाइल लावल्या की तो वेळ सुमारे 0.6 सेकंदावर येतो. टाइल जास्त आर्द्रतेसाठी प्रमाणित असलेल्याच घ्याव्यात, नाहीतर दोन पावसाळ्यांत त्या मधे झुकतात.

वीज वरून आणावी. जमिनीतले प्लग बॉक्स ओल धरतात, आणि चिपळूणमध्ये 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं, त्यानंतर तळमजल्यावर जमिनीत वीज घालण्याचं समर्थन कुणी करू नये. छतापासून उतरणारे खांब, प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), बसण्याच्या जागेमागे 150 वॉट. वळवाच्या विजांसाठी मुख्य पेटीत सर्ज प्रोटेक्टर (दाबाची अचानक उसळी जमिनीत वळवणारं उपकरण) हवा, पण तो अर्थिंग चांगलं असेल तरच उपयोगी. जांभ्यात ते सहज मिळत नाही. अर्थिंगचा रोध जमीन सुकलेली असताना, मे महिन्यात मोजावा.