मदत किती मिळाली आणि आधार किती वाटतो: हे दोन वेगळे प्रश्न आहेत

"घरात एवढी माणसं आहेत, मग हिला कसला ताण?" कॅन्सरच्या पेशंटची काळजी घेणाऱ्या बाईबद्दल नातेवाईक असं बोलले तर एक वेळ सोडून देता येतं. सर्वेक्षणाचे फॉर्म बनवणारेही तेच गृहीत धरतात, तेव्हा मात्र डोकं फिरतं. मिळालेली मदत आणि वाटणारा आधार सर्रास एकाच रकान्यात कोंबले जातात.

मदतीबद्दल फार सांगायला नको. कुणी केमोला सोबत गेलं, कुणी पैसे दिले, कुणी रिपोर्ट आणून दिले. ती मोजता येते. मानसशास्त्रज्ञ मॅन्युएल बरेरा आणि सहकाऱ्यांची १९८१ मधली ४० कलमांची यादी हेच विचारते: गेल्या महिन्याभरात अमुक मदत कितीदा मिळाली?

ग्रेगरी झिमेट आणि सहकाऱ्यांची १९८८ मधली प्रश्नावली वेगळं विचारते. १२ विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. घरचे, मित्रमंडळी, एखादं खास जवळचं माणूस: यांच्यावर भरवसा टाकता येतो का? काय घडलं याचा हिशेब इथे नाहीच. वेळ आली तर कोण उभं राहील, याची मनातली खात्री मोजायची आहे.

केमोनंतर संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. रात्री दोनला थर्मामीटर १००.४ दाखवतो. फॅरनहाइटचा हा आकडा गाठला की सकाळची वाट पाहायची नाही, लगेच हॉस्पिटलला कळवायचं, हे काळजी घेणाऱ्याला पाठ असतं. हॉस्पिटलशी बोलून झाल्यावर पुढचा फोन कुणाला? जे नाव न कचरता आठवतं, तो आधार. त्या माणसाने महिन्याभरात काडीही हलवली नसली तरी. आणि रोज डोकावून जाणारे पाच जण असूनही एकालाही उठवायचा धीर होत नसेल, तर मदत भरपूर आणि आधार शून्य.

दोन्हींचं नातं वाटतं तेवढं घट्ट नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये काढलेला सरासरी सहसंबंध सुमारे ०.३५ होता (० म्हणजे नातंच नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी). म्हणजे एकावरून दुसऱ्यातला जेमतेम १२ टक्के फरक समजतो. मनःस्वास्थ्याशी जास्त जुळतो तो वाटणारा आधार. मिळालेल्या मदतीचे आकडे कधी कधी चक्क उलटे जातात: मदत जास्त, निराशाही जास्त.

यावरून "मदत निरुपयोगी" असं म्हणणारे महाभागही भेटतात. पण ज्याचे हाल जास्त, त्याच्याकडेच लोक जास्त धावतात, हे साधं कारण विसरायचं का? शिवाय मदतीबरोबर उपकाराचं ओझं येतं, आणि "तुला एकटीला जमत नाहीये" हा न बोललेला शेराही. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये वकिलीच्या परीक्षेची तयारी करणारे आणि त्यांचे जोडीदार यांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. जोडीदाराने केलेली मदत परीक्षार्थीच्या लक्षातही आली नाही, तेव्हा तिचा सर्वांत चांगला उपयोग झाला. गाजावाजा करून मदत करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

किशोरवयातल्या गरोदरपणाबद्दलही हीच गल्लत होते. मुलगी माहेरी आहे, बाळाला आजी सांभाळते, म्हणजे आधार आहे, असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे. त्याच घरात रोज टोमणे असतील, बाळाचा एकही निर्णय तिला घेऊ देत नसतील, तर मदत खरी आणि एकटेपणही खरं. कुटुंबातली कटकट हा वेगळा घटक आहे. मदतीच्या बेरजेतून ती आपोआप वजा होत नाही.

"काही लागलं तर सांग" या वाक्याची मला चीड आहे. काय लागेल ते शोधायचं, शब्दांत मांडायचं आणि वर मागायचंही, ही तिन्ही कामं दमलेल्याच माणसावर ढकलली जातात. "मंगळवारी केमोला मी नेतो, तू झोप" हे कितीतरी बरं. दोनतीनदा बोलल्याप्रमाणे माणूस आला, की त्याचं नाव रात्री दोनच्या यादीत जातं.

फॉर्मवर एकाच प्रश्नाची जागा असेल, तर "घरात किती माणसं आहेत?" खोडा. "मध्यरात्री कुणाला फोन कराल?" हे विचारा, आणि उत्तर द्यायला किती वेळ लागला तेही लिहून ठेवा.